मामांचे काका होऊ नयेत म्हणून: बीजगणिताने गुप्त चिठ्ठी लिहिण्याची रीत

सांगलीत रविवारी सकाळी मी आठवी ते दहावीच्या मुलांचा गणिताचा वर्ग घेते. विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की गुप्त संदेशाचा प्रकल्प घेऊन दोघं-तिघं येतातच, आणि चुका दरवर्षी त्याच होतात. एका मुलीने गेल्या खेपेला 'मामा मिरजेला गेले' हे वाक्य झाकून लिहिलं होतं. परीक्षकांनी ते परत उलगडून दाखवायला सांगितलं. तिने मन लावून गणित केलं आणि उत्तर आलं, 'काका किगजेघा गेघे'. तिचे गुणाकार बरोबर होते, बाक्याही बरोबर होत्या. चूक चिठ्ठी लिहिण्याच्या आधीच, किल्ली निवडताना झाली होती.

म्हणून ही रीत क्रमाने देते आहे. पायऱ्यांची अदलाबदल करू नका.

सुरू करण्याआधी

चौकटीची वही, पेन्सिल आणि चिठ्ठी वाचणारा जोडीदार एवढं हवं. वहीच्या समासात ३७ चा पाढा लिहून ठेवा: ३७, ७४, १११, १४८, १८५, २२२, २५९, २९६, ३३३, ३७०. तो सारखा लागणार आहे.

समीकरणात 'क्ष' लिहिण्याची सवय असेल तर ती इथे बाजूला ठेवा. 'क्ष' हे आपल्या तक्त्यातलंच एक अक्षर आहे आणि दोन्हींची गल्लत होते. मी 'जुना', 'नवा', 'गुणक' आणि 'भर' हे चार शब्द वापरते. जुना म्हणजे मूळ अक्षराचा तक्त्यातला क्रमांक, नवा म्हणजे त्याच्या जागी येणाऱ्या अक्षराचा क्रमांक. गुणक आणि भर या आपण ठरवलेल्या दोन संख्या, हीच किल्ली. सगळी रीत एका ओळीची आहे:

नवा = गुणक × जुना + भर; येणाऱ्या संख्येला ३७ ने भागून उरणारी बाकी.

१. तक्ता: ३७ अक्षरं, सुरुवात शून्यापासून

इंग्रजीसाठी लिहिलेल्या रीतीत २६ ने भागतात, कारण त्यांची अक्षरं २६. मुलं तो आकडा तसाच उचलतात आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. आपल्याकडे क ते ज्ञ ही ३६ अक्षरं. त्यांच्या आधी अ ठेवला की ३७ होतात.

अ ०
क १, ख २, ग ३, घ ४, ङ ५
च ६, छ ७, ज ८, झ ९, ञ १०
ट ११, ठ १२, ड १३, ढ १४, ण १५
त १६, थ १७, द १८, ध १९, न २०
प २१, फ २२, ब २३, भ २४, म २५
य २६, र २७, ल २८, व २९, श ३०
ष ३१, स ३२, ह ३३, ळ ३४, क्ष ३५, ज्ञ ३६

ङ आणि ञ कुठे लागतात, म्हणून ते गाळू नका. मूळ चिठ्ठीत ते क्वचितच येतील, पण झाकलेल्या चिठ्ठीत येणार.

अ घेण्याचं कारण केवळ सोय नाही. ३७ ही मूळ संख्या आहे, तिला १ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग जात नाही. याचं मोल तिसऱ्या पायरीत कळेल.

तपासणी: म २५ वर आणि ज्ञ ३६ वर आला पाहिजे. एकाने पुढे-मागे आला असेल तर मध्ये कुठेतरी अक्षर सुटलं आहे किंवा दोनदा आलं आहे.

२. चिठ्ठी फोडून लिहा

तक्त्यात स्वर एकच, अ. मग उ, ए, ओ कुठून आणायचे? अ ची बाराखडी करायची: उद्या म्हणजे 'अुद्या', एक म्हणजे 'अेक'. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं जागच्या जागी ठेवायचं, बदलायचं फक्त अक्षर.

जोडाक्षराचा पाय मोडून भाग वेगळे करा. 'द्या' म्हणजे द् आणि या. पाय मोडलेलं अक्षर बदलल्यावरही पाय मोडलेलंच राहतं.

जोडीदाराशी आधी ठरवायच्या गोष्टी:

– 'संध्याकाळी' अनुस्वारानेच लिहायचं, 'सन्ध्याकाळी' नाही.
– क्ष आणि ज्ञ एकेक अक्षर धरायचे, फोडायचे नाहीत.
– आकडे शब्दांत लिहायचे, '४ वाजता' नव्हे, 'चार वाजता'.
– ऱ्या मधला र साधा र धरायचा. यात 'दऱ्या' आणि 'दर्या' एकच होतात, तेव्हा साताऱ्याच्या डोंगरातून चिठ्ठी आली तर संदर्भाने ओळखायचं.

इशारा: झाकलेल्या मजकुरात क् आणि त्याला लागून ष आला, तर तो सवयीने 'क्ष' असा जोडून लिहू नका. वाचणारा त्याला ३५वं अक्षर समजेल. पाय मोडलेला क् आणि ष सुटे लिहा. ज् आणि ञ शेजारी आले तरी तेच.

३. किल्ली निवडा

किल्ली म्हणजे दोन संख्या, गुणक आणि भर. भर ० ते ३६ मधली कोणतीही चालते. ० टाळावी एवढंच, कारण मग अ हा अ च राहतो.

गुणकाचं तसं नाही. वर सांगितलेल्या मुलीने क ते ज्ञ ही ३६ अक्षरं घेतली होती, गुणक ३ आणि भर ४. आता पाहा. क चा क्रमांक १: ३ × १ + ४ = ७, म्हणजे छ. म चा क्रमांक २५: ३ × २५ + ४ = ७९, त्यातून ७२ गेले, उरले ७. पुन्हा छ! ड चा क्रमांक १३: ४३ मधून ३६ गेले, उरले ७. तोही छ. काका, मामा आणि डाडा तिन्ही 'छाछा' झाले. आता उलगडणाऱ्याने छ चं काय करायचं? तिने तिघांतलं तक्त्यात आधी येणारं अक्षर घेतलं आणि मामांचे काका झाले.

याचं कारण गुणक ३ आणि अक्षरसंख्या ३६ या दोघांनाही ३ ने भाग जातो. सामाईक विभाजक असला की अनेक अक्षरं एकाच अक्षरावर जाऊन बसतात आणि परतीची वाट राहत नाही. ३६ अक्षरांच्या तक्त्यात १ ते ३५ मधले फक्त १२ गुणक चालतात. ३७ च्या तक्त्यात १ ते ३६ पैकी प्रत्येक गुणक चालतो, कारण ३७ शी सामाईक विभाजक असणारच नाही. अ घेतल्याचा खरा फायदा हा.

तरीही हे टाळा:

– गुणक १. अक्षरं नुसती पुढे सरकतात, ती चिठ्ठी कोणीही फोडेल.
– मोठा गुणक म्हणजे पक्कं कुलूप, हा समज. ४२ मधून ३७ गेले की ५ उरतात. गुणक ४२ आणि गुणक ५ ही एकच किल्ली आहे.
– सगळ्यांना सुचणारे आकडे. सांगलीच्या गाड्यांवर एमएच १०, साताऱ्याच्या गाड्यांवर एमएच ११, म्हणून वर्गातली निम्मी मुलं १० आणि ११ हीच जोडी घेतात. फोडणारा तीच आधी घालून बघतो.

किल्ली समोरासमोर सांगा. ज्या कागदावर चिठ्ठी, त्यावर किल्ली नको, कोपऱ्यात बारीक अक्षरातही नको.

पुढच्या उदाहरणात गुणक ५ आणि भर ८ घेतली आहे.

४. चिठ्ठीआधी पूर्ण ओळ तयार करा

मुलांना घाई असते. चिठ्ठीत लागतील तेवढ्याच अक्षरांचं गणित करतात आणि चूक लपून राहते. सगळ्या ३७ अक्षरांची ओळ आधी करा. त्याला गुणाकारही लागत नाहीत. अ शी ८ लिहा (ती भर), मग प्रत्येक पुढच्या अक्षराला ५ मिळवत चला, ३६ च्या पुढे गेलात की ३७ वजा करा:

८, १३, १८, २३, २८, ३३, १, ६, ११, १६, २१, २६, ३१, ३६, ४, ९, १४, १९, २४, २९, ३४, २, ७, १२, १७, २२, २७, ३२, ०, ५, १०, १५, २०, २५, ३०, ३५, ३

म्हणजे अ चा ज झाला, क चा ड, ख चा द, आणि असंच शेवटी ज्ञ चा ग.

इथे तीन तपासण्या आहेत, तिन्ही करा.

पहिली: शेवटच्या ३ मध्ये आणखी ५ मिळवा. ८ आले, जिथून निघालो तिथे परत. नाही आले तर मध्ये बेरीज चुकली.

दुसरी: सगळ्या ओळीची बेरीज ६६६ आली पाहिजे, कारण ० ते ३६ हेच आकडे नुसत्या वेगळ्या क्रमाने आले आहेत.

तिसरी माझ्या विशेष आवडीची. ओळीत नेमकं एकच अक्षर जागच्या जागी राहिलेलं दिसेल. आपल्या ओळीत ते क्ष आहे: ३५ च्या जागी ३५. गुणक १ सोडला तर ३७ च्या तक्त्यात प्रत्येक किल्लीला असं एक आणि एकच अक्षर असतं. दोन सापडली किंवा एकही सापडलं नाही, तर ओळ पुन्हा करा.

५. चिठ्ठी झाका

'उद्या घाटावर भेटू' घेऊ. कृष्णेच्या घाटावर, असं समजा.

अु: अ ०, नवा ८, ज. म्हणून जु.
द्: ५ × १८ + ८ = ९८, उणे ७४, २४. भ्.
या: ५ × २६ + ८ = १३८, उणे १११, २७. रा.
घा: ५ × ४ + ८ = २८. ला.
टा: ५ × ११ + ८ = ६३, उणे ३७, २६. या.
व: ५ × २९ + ८ = १५३, उणे १४८, ५. ङ.
र: ५ × २७ + ८ = १४३, उणे १११, ३२. स.
भे: ५ × २४ + ८ = १२८, उणे १११, १७. थे.
टू: ट चा य, म्हणून यू.

झाकलेली चिठ्ठी: जुभ्रा लायाङस थेयू

कॅल्क्युलेटरवाल्यांची चूक इथे हमखास होते. १५३ भागिले ३७ केलं की पडद्यावर ४.१३५१ दिसतं आणि मुलं १३ किंवा ३५ बाकी लिहितात. दशांश चिन्हानंतरचे आकडे म्हणजे बाकी नव्हे. पूर्णांक ४ घ्या, ४ × ३७ = १४८, १५३ मधून १४८ वजा, बाकी ५.

दुसरी चूक बाकी ० आली की होते. 'सांगली'तला ल पाहा: ५ × २८ + ८ = १४८, बाकी शून्य. ज्यांनी तक्ता १ पासून सुरू केला ते इथे अडतात, कारण त्यांच्याकडे शून्यावर अक्षरच नाही. आपल्याकडे आहे, अ. सांगलीची झाकलेली चिठ्ठी 'नांबअी'.

६. उलट गुणक शोधा

उलगडताना ५ ने भागायचं असं सगळ्यांना वाटतं. पण २८ मधून ८ गेले, २० ला ५ ने भाग गेला, ४ आले, घ मिळाला, हे नशिबाने जमलं. २४ मधून ८ गेले की १६ उरतात आणि १६ ला ५ ने भाग जात नाही. बाकी काढण्याच्या गणितात भागाकाराऐवजी उलट गुणकाने गुणायचं असतं. पाठ्यपुस्तकात त्याला गुणाकार व्यस्त म्हणतात. ५ ला ज्या संख्येने गुणून ३७ ने भागल्यावर बाकी १ उरते, ती आपल्याला हवी आहे.

शोधायची साधी रीत: ३७ च्या पाढ्यात प्रत्येक ठिकाणी १ मिळवा. ३८, ७५, ११२, १४९, १८६, २२३, २६०, २९७... यांतल्या ज्या पहिल्या संख्येला तुमच्या गुणकाने पूर्ण भाग जातो, तिथे थांबा. ३८ ला ५ ने भाग जात नाही. ७५ ला जातो, १५ येतात. म्हणजे ५ चा उलट गुणक १५. भास्कराचार्यांचा कुट्टक ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

आणखी काही: २ चा १९, ३ चा २५, ४ चा २८, ६ चा ३१, ७ चा १६, ८ चा १४, ११ चा २७.

तपासणी: ५ × १५ = ७५, उणे ७४, १. हे एकदा कागदावर लिहूनच पुढे जा.

७. चिठ्ठी उलगडा: आधी वजाबाकी, मग गुणाकार

जुना = १५ × (नवा − ८), ३७ ने भागून बाकी.

घरातून निघताना आपण आधी मोजे घालतो, मग बूट. काढताना आधी बूट. झाकताना आधी गुणलं, मग भर मिळवली, म्हणून उलगडताना आधी भर काढायची, मग गुणायचं. कंस विसरून १५ × नवा − ८ केलं तर ल चं काय होतं पाहा: १५ × २८ = ४२०, उणे ८, ४१२, बाकी ५. घ च्या जागी ङ आला.

बरोबर रीत: २८ − ८ = २०, २० × १५ = ३००, उणे २९६, बाकी ४. घ.

आता ङ उलगडा. ५ − ८ = −३. ऋण संख्या दिसली की निम्मी मुलं उणे चिन्ह पुसून ३ × १५ करतात. तसं नाही. −३ मध्ये ३७ मिळवा, ३४ झाले. ३४ × १५ = ५१०, उणे ४८१, बाकी २९. व मिळाला.

हेच काम संगणकावर करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: ऋण संख्येची बाकी पायथॉन धन देतो, सी आणि जावा ऋण देतात. तिथे ३७ हाताने मिळवावे लागतात. शिवाय युनिकोडमध्ये क्ष हे एक चिन्ह नसून क, पाय मोडण्याचं चिन्ह आणि ष अशी तीन चिन्हं असतात. एकेक चिन्ह उचलणारा प्रोग्राम तो फोडून टाकतो, म्हणून क्ष आणि ज्ञ आधी वेगळे ओळखून घ्या.

चिठ्ठी देण्याआधी निदान एक शब्द स्वतः उलगडून बघा, आणि तो ऋण संख्या येणारा असू द्या.

८. आपलं कुलूप आपणच फोडून बघा

ही पायरी बहुतेकजण गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त बीजगणित इथेच आहे.

वर्गातल्या एका मुलाने चिठ्ठीच्या माथ्यावर, घरच्या सवयीने, 'श्री' लिहून मग ती झाकली. माथ्यावर आलं 'ञ्सी'. शेजारच्या मुलीने ते पाहिलं आणि तिला शंका आली. चिठ्ठीच्या माथ्यावर मधोमध दोन व्यंजनांचं जोडाक्षर, त्याला दुसरी वेलांटी. श्री शिवाय काय असणार? तिला दोन अक्षरं मिळाली: श (३०) चा ञ (१०), र (२७) चा स (३२). तिने वहीत लिहिलं:

३० × गुणक + भर = १०
२७ × गुणक + भर = ३२

दहावीची एकसामयिक समीकरणं, फक्त बाकी काढण्याच्या गणितात. वजाबाकी केली की भर उडते: ३ × गुणक = −२२. त्यात ३७ मिळवले, १५. गुणक ५. मग भर = १० − १५० = −१४०, त्यात १४८ मिळवले, ८. पाच ओळींत पूर्ण किल्ली हातात.

भाग इतका सरळ गेला नाही, तर सहाव्या पायरीतला उलट गुणक वापरायचा.

तेव्हा माथ्यावर श्री नको, सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' नको, शेवटी नाव नको. अंदाजाने ओळखता येईल असं प्रत्येक वेगळं अक्षर म्हणजे फोडणाऱ्याला दिलेलं एक समीकरण. त्याला दोनच लागतात.

किल्ल्या मोजल्या तरी ३६ गुणक आणि ३७ भरी मिळून १३३२ होतात, संगणक त्या डोळ्याचं पातं लवायच्या आत तपासतो. मित्राला चिठ्ठी, प्रकल्प, खेळ यांसाठी ही रीत छान आहे. पासवर्ड, एटीएमचा पिन किंवा बँकेचा तपशील हिने झाकून ठेवू नका.

९. थोडं पक्कं करायचं असेल तर

'काका' झाकला की 'डाडा' होतो. सारखी अक्षरं सारखीच राहतात आणि ते डोळ्यांना लगेच दिसतं. उपाय: पहिल्या अक्षराला भर ८, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला १०, अशी भर वाढवत न्या. मग काका 'डाढा' होतो. पाय मोडलेलं अक्षरही मोजायचं, शब्दांमधली मोकळी जागा मोजायची नाही, हे जोडीदाराशी ठरवा. एक अक्षर लिहायचं राहिलं तर त्यापुढची सगळी चिठ्ठी बिघडते, म्हणून आधी साधी रीत पक्की होऊ द्या.

काना-मात्राही झाकायच्या असतील तर तक्ता वाढवा. ज्ञ च्या पुढे: ा ३७, ि ३८, ी ३९, ु ४०, ू ४१, ृ ४२, े ४३, ै ४४, ो ४५, ौ ४६, ॅ ४७, ॉ ४८, अनुस्वार ४९, विसर्ग ५०, पाय मोडणे ५१, मोकळी जागा ५२. शून्य धरून ५३ चिन्हं झाली, आणि ५३ सुद्धा मूळ संख्या. आता भागायचं ५३ ने, आणि चिठ्ठी अक्षरांत न लिहिता आकड्यांत लिहायची, कारण मात्रा सुट्या लिहिता येत नाहीत.

गुणक ६, भर ११ घेऊन 'मिरज' पाहा. म, ि, र, ज म्हणजे २५, ३८, २७, ८. झाकल्यावर ०२, २७, १४, ०६. इथे उलट गुणक ९, कारण ६ × ९ = ५४, उणे ५३, १. ३७ साठी काढलेला उलट गुणक (६ चा ३१) इथे चालत नाही, तक्ता बदलला की तो नव्याने काढायचा.

आणि एक अंकी संख्या शून्य लावूनच लिहा, ०२ आणि ०६. नुसतं २ आणि ६ लिहून आकडे सलग जोडले तर २२७१४६ होतं, आणि वाचणारा २२, ७१, ४६ असं तोडतो. तक्त्यात ७१ नाहीच, चिठ्ठी तिथेच अडते.